गावठाण ड्रोननं मोजलं, शेत रोव्हरनं मोजलं. जमिनीखालचं कोण मोजणार?

विशेष विश्लेषण | अहिल्यानगर

गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात जमिनीवरचं जवळपास सगळं मोजायला घेतलं गेलं. स्वामित्व योजनेत गावठाणावरून ड्रोन फिरला. भूमी अभिलेखचे मोजणीदार साखळी सोडून रोव्हर घेऊन बांधावर येऊ लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच गटात उभा राहून मोबाइलवर पिकाचा फोटो चढवू लागला. नेटवर्क नाही, सर्व्हर डाऊन, अशा तक्रारी झाल्याच, पण काम अंगवळणी पडलं.

पण त्या पिकाला लागणारं पाणी खाली कुठल्या थरात आहे? तो थर किती जाड आहे, शेजारच्या शिवारापर्यंत जातो की मध्येच संपतो? याचा गावाच्या दप्तरात बहुतेक ठिकाणी एक कागदसुद्धा नाही. बोअर घ्यायचा ठरला की आधी पाणाड्याला निरोप जातो. नारळ किंवा कडुलिंबाची काठी फिरते, खूण होते, रात्री बोअरगाडी येते. पाचशे-सातशे फुटांवर नुसता फुफाटा निघाला की घरात दोन दिवस कोणी बोलत नाही. केसिंग, मोटार, केबल धरून लाखाच्या वर गेलेले असतात, आणि ते बहुतेक वेळा उसनवारीचे असतात.

हे सगळं लिहायचं कारण असं की देशात आणि जगभरात भूवैज्ञानिकांना सध्या दोन गोष्टी नव्यानं शिकवल्या जात आहेत. एक, शिवारात फिरताना टॅब किंवा मोबाइलवर थेट नकाशा काढणं. दोन, त्या नोंदींवरून जमिनीखालचं चित्र, म्हणजे त्रिमितीय मॉडेल, संगणकावर उभं करणं. ऐकायला हे मोठ्या लोकांचं काम वाटतं. पण पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या माणसाइतका याच्याशी कोणाचा संबंध असेल असं वाटत नाही.

हातोडा, होकायंत्र आणि आता टॅब

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ सालची. तेव्हापासून अगदी अलीकडेपर्यंत कामाची पद्धत ठरलेली होती. भूवैज्ञानिक हातोडा, होकायंत्र, वही आणि टोपोशीट घेऊन निघायचा. ओढ्यानं चालायचं, घाटात उघडा पडलेला कडा बघायचा, विहिरीत उतरायचं. प्रत्येक ठिकाणी दगड फोडून बघायचा, उतार मोजायचा, नकाशावर ठिपका मारायचा. संध्याकाळी मुक्कामी येऊन शाईनं पक्कं करायचं. एकेक नकाशा पुरा व्हायला हंगाम लागायचा.

आता तेच काम टॅबवर होतं. पडद्यावर उपग्रहाचं छायाचित्र असतं, आपण कुठं उभे आहोत तो निळा ठिपका दिसतो. ठिपक्यावर बोट ठेवलं की अर्ज उघडतो: दगड कोणता, रंग कोणता, भेगा किती, पाणी पाझरतं का, फोटो जोडा. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचंच मोबाइलवर चालणारं भावंड क्यूफील्ड, तेही फुकट. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडे घरबसल्या मोफत बघता येतात. म्हणजे पैशाचा अडसर आता फारसा राहिलेला नाही.

शिकवण्याची सोयही आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची प्रशिक्षण संस्था हैदराबादला १९७६ पासून आहे, तिथं नव्या दमाचे भूवैज्ञानिक तयार होतात. भूजलाचं शिक्षण देणारी केंद्राची राजीव गांधी संस्था रायपूरला आहे. तिनं प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या: पहिली राष्ट्रीय पातळीवरच्या अधिकाऱ्यांसाठी, दुसरी राज्यासाठी आणि तिसरी थेट तालुका-गाव पातळीवरच्या माणसांसाठी. ही तिसरी पायरी लक्षात ठेवा, तिच्याकडे पुढे यायचं आहे. राज्यात १९७२ साली, दुष्काळाच्या त्या दिवसांत, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. पुण्यात 'ॲक्वाडॅम' ही संस्था १९९८ पासून भूजलाचं विज्ञान शिकवते.

मग अडचण काय? अडचण प्रमाणाची आहे. केंद्रीय भूजल मंडळानं २०१२ पासून देशभरातल्या जलधरांचे, म्हणजे पाणी धरणाऱ्या थरांचे नकाशे करायला घेतले आणि २०२३ पर्यंत सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र पुरं केलं. काम मोठं आहे, नाकारता येत नाही. पण १:५०,००० या प्रमाणावर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. नऊशे हेक्टरचं आपलं गाव त्या नकाशावर सहा सेंटिमीटरच्या चौकोनात मावतं, मोबाइलच्या पडद्याएवढ्या जागेत. त्यात तुमचा गट शोधून दाखवा! नंतर सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात निवडक भागांत १:१०,००० प्रमाणावर, पंचायतीला उपयोगी पडेल असं काम करायचं ठरलं. त्या प्रमाणावर तेच गाव एक फूट बाय एक फूट होतं. मग ओढा, पाझर तलाव, वस्त्या वेगळ्या दिसायला लागतात. पण इतक्या बारीक कामाला तितक्याच दाट नोंदी लागतात, आणि त्या नोंदी आणणारी माणसं लागतात.

भाकरींची चळत

आपल्या जिल्ह्याच्या खाली काय आहे, हे थोडक्यात सांगायला हवं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. टोपलीत भाकरींची चळत रचावी तसे. अकोल्यात कळसूबाईकडे बघितलं की डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या याच भाकरी. प्रत्येक थराचा खालचा-मधला भाग बहुधा घट्ट काळा पाषाण. वरचा भाग फेसाळ, भोकाभोकांचा, आपल्याकडे विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या असतात. दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा लाल मातकट पट्टा लागतो.

पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या कुजून भुसभुशीत झाला असेल तिथं, पाषाणाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. घट्ट पाषाणात पाणी नसतं. 'पाताळात नदी वाहते' हे ऐकायला बरं वाटतं, पण १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र पाडून बघितलं तेव्हा ३३८ मीटरवर काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागला. कोयना भागात भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तिथं काळ्या दगडाची जाडी १,२०० मीटरहून जास्त निघाली. दोन्हीकडे खाली नदी काही सापडली नाही. खोल बोअरला कधी कधी पाणी लागतं हे खरं, पण ते एखाद्या सांध्यात अडकलेलं जुनं पाणी असतं. दोन-तीन उन्हाळे चालतं आणि मग मोटार हवा ओढते.

सगळा जिल्हा एकसारखाही नाही. प्रवरा-गोदावरीच्या काठाला राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाकडे नदीनं आणलेल्या गाळाचे थर आहेत, तिथला हिशोब वेगळा. आणि संगमनेर भागात आणखी एक गंमत आहे. तिथं जमिनीतून उभ्या काळ्या दगडाच्या भिंती वर आलेल्या आहेत, भूवैज्ञानिक त्यांना डाईक म्हणतात. भाकरीच्या चळतीत कोणी उभी सुरी खुपसून ठेवावी तशा. अशी भिंत कधी पाणी अडवते, कधी तिच्या कडेच्या भेगांतून पाणी पळतं. म्हणजे भिंतीच्या एका अंगाला विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाला, शंभर पावलांवर, कोरडी असं होऊ शकतं. मग भावकीत बोलाचाली होते, 'त्यानं माझं पाणी ओढलं'. या संगमनेरच्या डाईकांवर निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांचा अभ्यास २००६ साली अमेरिकेच्या 'जर्नल ऑफ जिऑलॉजी'मध्ये छापून आला. त्यांचा विषय लाव्ह्याचा उगम होता, विहिरींचा नव्हता. पण ज्या भिंतींचा अभ्यास जगानं वाचला, त्या भिंतींची गावातल्या पाण्याच्या आराखड्यात दखल किती, हा प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

कायद्याचंही तसंच. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही, हा नियम राज्यात १९९३ पासून चालत आला. भूजलाचा २००९ चा कायदा २०१४ पासून अमलात आला, त्यात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअरला मनाई आहे. तरीही पाचशे फुटांची बोअरगाडी गावात येते आणि जाते, ते सगळ्यांना माहीत आहे. तो विषय वेगळा. मुद्दा असा की ५०० मीटर हे टेपनं मोजलेलं अंतर आहे. खाली थर दोन किलोमीटर सलग असेल तर ५०० मीटर पुरत नाहीत, आणि मध्ये डाईक आडवा असेल तर २०० मीटरही खूप झाले.

तीन विहिरींचं गणित

मॉडेल म्हणजे नेमकं काय, हे एका साध्या उदाहरणावरून बघू. समजा, गावात तीन विहिरी आहेत. पहिलीत लाल पट्टा ९ मीटर खोलीवर लागला, दुसरीत १७ मीटरवर, तिसरीत पुन्हा ९ मीटरवर. कोणीही म्हणेल, पहिलीचा आणि तिसरीचा थर एकच, दुसरीचा वेगळा.

आता प्रत्येक विहिरीच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची घ्या. पहिली ६१० मीटरवर, दुसरी ६१८ वर, तिसरी ६०४ वर. खोली वजा केली की पहिलीत लाल पट्टा ६०१ मीटरला, दुसरीतही ६०१ मीटरला, तिसरीत मात्र ५९५ मीटरला. म्हणजे जुळतात त्या पहिली आणि दुसरी! तिसरीत एकतर खालचा दुसराच पट्टा आहे, नाहीतर थराला तिकडं उतार आहे. संगणक इथं रेघ ओढून मोकळा होतो. खरं काय ते तिसऱ्या विहिरीत उतरून, दगड बघून, ओढ्याकाठी तो पट्टा कुठं उघडा पडलाय हे शोधूनच कळतं. तीनऐवजी तीनशे विहिरी आणि बोअर घेतले की हेच गणित हातानं होत नाही, म्हणून सॉफ्टवेअर. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात तयार झालेलं 'जेमपाय' किंवा ब्रिटिश सर्वेक्षणाचं 'ग्राउंडहॉग' हे काम करतात.

या उदाहरणात सगळा खेळ आठ-दहा मीटरच्या फरकाचा आहे. आणि इथंच मोबाइल फसवतो. जागा दाखवायला मोबाइलचा जीपीएस ठीक आहे, उघड्यावर चार-पाच मीटर इकडेतिकडे. पण उंचीत तो सहज दहा मीटर चुकतो. त्यातही काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवत नाहीत, पृथ्वीच्या एका गणिती आकारापासूनची दाखवतात. आपल्या भागात या दोन आकड्यांत साठ मीटरहून जास्त फरक पडतो. एकानं एक ॲप वापरलं, दुसऱ्यानं दुसरं, तर एकाच गावातल्या दोन शेजारच्या विहिरी मॉडेलमध्ये दोन डोंगरांवर जाऊन बसतील. प्रशिक्षणाचा खरा उपयोग इथं आहे: कुठला आकडा विश्वासाचा आणि कुठला नाही हे कळणं. बटणं दाबायला दोन दिवसांत येतं. मोजणीचा रोव्हर उंची सेंटिमीटरमध्ये सांगतो, तो तालुक्याच्या ठिकाणी आहेच. आठवडाभर तो गावातल्या विहिरींच्या काठावर फिरवला तर पायाभूत काम होऊन जाईल. दोन खात्यांनी एकमेकांना एक पत्र लिहायचं आहे. अर्थात, एवढंच जगातलं सगळ्यात अवघड काम असतं.

दुसरी फसगत रंगांची. तीन विहिरींच्या नोंदी टाकल्या तरी संगणक लाल-हिरवं-निळं देखणं चित्र काढून देतो. तीनशेच्या नोंदी टाकल्या तरी तसंच. बघणाऱ्याला फरक कळत नाही. म्हणून जाणता भूवैज्ञानिक एक परीक्षा घेतो. माहीत असलेल्या पाच-दहा विहिरी तो मुद्दाम बाजूला ठेवतो, उरलेल्यांवरून मॉडेल करतो आणि मग विचारतो, 'सांग, या लपवलेल्या विहिरीत लाल पट्टा कुठं लागेल?' उत्तर जुळलं तर मॉडेलला किंमत. कोणी कंपनीवाला किंवा अधिकारी ग्रामसभेत पडद्यावर गावाचं रंगीत पाताळ दाखवू लागला, तर हा एक प्रश्न जरूर विचारा.

हे चित्र नसताना काय होतं, ते नाला खोलीकरणात दिसलं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकानं नाले खोल-रुंद केले. खाली कुठला थर आहे, कुठपर्यंत खोदलं की पाणी आत शिरेल, हे बघून केले. त्याची 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ख्याती झाली आणि मग नुसती पोकलेनची नक्कल सुरू झाली. मांजऱ्या लागायच्या जागी खोदलं तर पाणी मुरतं. घट्ट पाषाणापर्यंत खरवडून ठेवलं तर पाणी नुसतं दिसतं, फोटोत छान येतं आणि मार्चमध्ये उन्हानं उडून जातं. कुठल्या गावात काय झालं हे त्या त्या गावाला माहीत आहे.

शिकवायचं कोणाला?

आता मुख्य गोष्ट. जिल्हा १७ हजार चौरस किलोमीटरचा, राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुक्यांचा. राज्याच्या भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी सगळ्या महाराष्ट्रात मिळून चार हजारांच्या आसपास, आणि गावं चाळीस हजारांवर. म्हणजे दहा गावांत एक विहीर, तिचीही मोजणी वर्षातून चार वेळा. भूवैज्ञानिक कितीही हुशार असला, त्याला कितीही भारी टॅब दिला, तरी तो तुमच्या शिवारातल्या प्रत्येक बोअरच्या वेळी हजर राहू शकत नाही.

पण कोणीतरी हजर असतंच. बोअरगाडीचा चालक असतो, मालक असतो, अर्धी वस्ती असते. बोअर म्हणजे जमिनीत पाडलेली खिडकी आहे. मुरूम किती फुटांवर संपला, लाल भुकटी कधी आली, पांढऱ्या गारगोट्यांचा चुरा कधी आला, पहिलं पाणी कुठं लागलं, सगळं डोळ्यांसमोर बाहेर पडतं. सकाळी गाडी निघून जाते, आणि ती माहिती गाडीबरोबर जाते. पुष्कळ गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या. हिशोबाच्या वहीत फूट लिहिलेले असतात, कारण पैसे फुटावर मिळतात. थर कोणी लिहीत नाही, कारण थराचे पैसे कोणी देत नाही. एकेका गावात शे-दोनशे बोअर झाले असतील तर शे-दोनशे खिडक्या उघडून परत बंद केल्या आपण, आत न बघता.

इंग्लंडमध्ये पाण्यासाठी १५ मीटरपेक्षा खोल खणायचं असेल तर आधी सर्वेक्षण संस्थेला कळवावं लागतं आणि लागलेल्या थरांची नोंद द्यावी लागते, तसा कायदाच आहे. अशा आणि इतर कामांच्या मिळून दहा लाखांहून जास्त छिद्रांची माहिती त्यांनी साठवली आहे आणि बरीचशी कोणालाही बघता येते. आपल्याही २००९ च्या कायद्यात बोअरगाड्यांची आणि विहिरींची नोंदणी आहे. कागदावर आहे.

म्हणून रायपूरच्या संस्थेची ती तिसरी पायरी महत्त्वाची. माझं स्पष्ट मत असं की डिजिटल नकाशाच्या प्रशिक्षणातला मोठा वाटा गावातल्या पोरापोरींना, पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्याला आणि बोअरगाडीवाल्यांना मिळायला हवा. ज्यांनी ई-पीक पाहणीत गावभराचे फोटो चढवून दिले त्यांना क्यूफील्डचा अर्ज भरायला जड जाणार नाही. हे हवेतलं नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या धरता भागात आणि गुजरातेत मेघरज भागात 'मारवी' या उपक्रमात गावकऱ्यांना 'भूजल जाणकार' म्हणून तयार केलं. ते दर आठवड्याला टेपनं विहिरींची पातळी मोजतात आणि मोबाइलवर चढवतात. आपल्या शेजारी जालना जिल्ह्यात 'वॉटर' या संस्थेनं गावाचे त्रिमितीय नकाशे करून लोकांसमोर मांडले, की बघा, तुमच्या विहिरी या थरात आहेत. ही संस्था १९९३ ची, मूळची आपल्याच जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामातून वाढलेली आणि तिचं प्रशिक्षण केंद्र संगमनेर तालुक्यात दरेवाडीला आहे. म्हणजे फार लांब बघायचीही गरज नाही.

केंद्राची अटल भूजल योजना २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झाली, ६,००० कोटींची, सात राज्यांसाठी. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत आपलाही जिल्हा होता. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षा आराखडे झाले, पर्जन्यमापक आणि पातळी मोजायची यंत्रं बसली. तुमची ग्रामपंचायत त्यात असेल तर तो आराखडा मागून बघा. पाऊस किती, पिकाला पाणी किती लागतं, याचा ताळेबंद त्यात सापडेल. थरांचा उभा छेद सापडतो का, तेवढं शोधा.

नकाशा आला तर पाणी कोण नेणार?

इथं एक खरी भीती आहे आणि ती झाकून चालणार नाही. जमिनीखालचा नकाशा उघड झाला, चांगला मांजऱ्या कुठल्या गटांखाली आहे हे सगळ्यांना दिसलं, तर सर्वांत आधी तिथं कोण पोचेल? ज्याच्याकडे पैसा आहे तो. एका रात्रीत चार बोअर, मोठं प्लास्टिकचं शेततळं, आणि थरातलं पाणी उपसून उन्हात मांडलेलं. गरिबाची आठ परस विहीर मात्र कोरडी. तेव्हा 'माहिती खुली करा' एवढं म्हणून भागत नाही.

दुसरी भीती उलट बाजूची. विहिरीची नोंद दिली तर उद्या पट्टी लागेल, नाहीतर बोअर बेकायदा ठरेल, असं शेतकऱ्याला वाटतं. दोनशे फुटांची मर्यादा असताना साडेपाचशे फुटांच्या बोअरचा थर-तक्ता कोण स्वतःहून आणून देईल? हा पेच सरकारनं सोडवायचा आहे. थराची माहिती देणाऱ्यावर त्या माहितीवरून कारवाई होणार नाही, एवढं लेखी आश्वासन दिल्याशिवाय नोंदी येणार नाहीत, आणि आल्या तर खोट्या येतील. खोट्या नोंदींवरचं मॉडेल पाणाड्याच्या नारळापेक्षा वाईट.

पहिल्या भीतीचं उत्तर मात्र आपल्या जिल्ह्यातच आहे. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी आधी नियम केला: शेतीला बोअर नाही, पाणी पिणाऱ्या पिकांना आळा. मग पावसाचं मोजमाप, विहिरींच्या पातळ्या, आणि भूजल यंत्रणेच्या मदतीनं पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला ते ग्रामसभेत वाचायचं आणि त्यावर रब्बीत काय घ्यायचं ते ठरवायचं. तिथं संगणकातलं पाताळ नव्हतं, साधे आकडे होते. पण ते आकडे पाळायची गावाची तयारी आधी झालेली होती. बाकीच्या गावांत आपण यंत्रापासून सुरुवात करतो आणि तयारीपाशी अडतो.

थरांच्या माहितीनं हिवरे बाजारसारख्या नियमाला आणखी धार येऊ शकते. अख्ख्या गावाला एकच नियम लावण्याऐवजी, एका थरावर अवलंबून असलेल्या वीस-पंचवीस विहिरवाल्यांचा एक गट करता येतो. त्यांचं पाणी एकच, म्हणजे त्यांची बैठक एकच. पाझर तलाव त्यांच्या थराला पाणी देतो की शेजारच्या गावाला, हेही कळतं. शिवाची हद्द थराला माहीत नसते, त्यामुळे कधी दोन गावांना एकत्र बसावं लागेल. ते किती जमतं बघायचं.

तोपर्यंत बोअर थांबणार नाहीत, हेही खरं. या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे गाडी येणार आहे त्यांनी निदान एवढं करावं. दर दहा फुटांना बाहेर पडलेली मूठभर भुकटी छोट्या पिशवीत भरायची, पिशवीवर मार्करनं फूट लिहायचे. ओली-कोरडी, काळी-लाल-पांढरी, जशी दिसेल तशी. पहिलं पाणी कुठल्या फुटाला लागलं आणि केसिंग किती टाकलं, हे वहीत. बोअरच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलवर जागेची नोंद आणि एक फोटो. जुनी विहीर असेल तर उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर काठावरून दोरी सोडून प्रत्येक थर किती फुटांवर बदलतो ते लिहायचं आणि भिंतीचा फोटो काढायचा. पिशव्या गोठ्यात एका डब्यात ठेवा, फेकू नका. रात्री गाडी चालू असताना हे काम घरातली नववी-दहावीची मुलगी आरामात करते, फक्त टॉर्च चांगली लागते.